कर्करोग, महारोहिणी आणि तंबाखूचा प्रदेश



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांना प्रथम विनम्र अभिवादन करतो. या व्यासपीठावरून आजवर इतिहास, साहित्य आणि समाजकारण या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले. यंदा एका शस्त्रवैद्याला पाचारण करण्याचे धाडस संस्थेने केले, याबद्दल मी संचालकांचा ऋणी आहे.

वैद्यकातील कोणताही विषय निवडण्याची मुभा मला होती. हृदयविकार किंवा मधुमेह यांवर बोललो असतो तर ते अनेकांच्या परिचयाचे झाले असते. मी निवडलेला विषय त्या मानाने विरळा आहे. शरीरातील सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या, म्हणजे महारोहिणीच्या, शेजारी वाढलेला कर्करोग त्या वाहिनीची भिंत पोखरतो, तिला फुगा येतो आणि तो फुटण्याच्या बेतात येतो. अशा वेळी काय करता येते आणि काय करावे, हा आजचा प्रश्न आहे. असे रुग्ण संख्येने थोडे असतात. परंतु वैद्यकाचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही या एका प्रसंगात जितकी स्पष्ट दिसतात तितकी क्वचितच दिसतात. शिवाय हे दोन्ही विकार, कर्करोग आणि महारोहिणीचा फुगा, ज्या एका वनस्पतीपाशी एकत्र येतात, ती निपाणीच्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या पिकली आहे. म्हणून हा विषय येथे मांडण्यास योग्य आहे असे मला वाटते.

महारोहिणी म्हणजे काय?

हृदयातून निघणारे सारे शुद्ध रक्त ज्या एका नळीतून बाहेर पडते ती महारोहिणी. हृदयापासून ती वर चढते, मानेखाली कमानीसारखी डावीकडे वळते, पाठीच्या कण्याला लागून छातीतून खाली उतरते आणि पोटात बेंबीच्या सुमारास तिच्या दोन शाखा होतात. छातीत तिची रुंदी सुमारे अडीच सेंटिमीटर, पोटात सुमारे दोन. विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त हृदय तिच्यात लोटते. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाकाठी एक लाख वेळा तिच्या भिंतीवर आघात होतो, आणि हे आयुष्यभर चालते.

हा आघात सोसणारी भिंत जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची असते. तिचे तीन थर असतात. आतला नाजूक व गुळगुळीत, मधला लवचीक तंतूंचा आणि बाहेरचा चिवट. खरी ताकद मधल्या व बाहेरच्या थरांत असते. मधले लवचीक तंतू प्रत्येक ठोक्याला ताणतात व पुन्हा आखडतात. बाहेरचा थर नळीला मर्यादेबाहेर फुगू देत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या नळीतून एवढे रक्त वाहते, तिच्या भिंतीच्या बाहेरील भागाचे पोषण मात्र आतल्या रक्ताने होत नाही. त्यासाठी बाहेरून येणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. बाहेरून आलेला शत्रू प्रथम हे जाळेच उद्ध्वस्त करतो.

ही भिंत कोठे दुबळी झाली की रक्ताच्या दाबाने ती फुगते. या फुगवट्याला इंग्रजी वैद्यकात अ‍ॅन्युरिझम म्हणतात. आपण रोहिणीविस्फार म्हणू. सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगा येतो, तसाच हा प्रकार. फुगा जितका मोठा तितका त्याच्या भिंतीवरील ताण अधिक, आणि ताण जितका अधिक तितका फुगा लवकर वाढतो. पोटातील महारोहिणी तीन सेंटिमीटरपर्यंत रुंदावली की तिला विस्फार म्हणतात, आणि पुरुषांत साडेपाच सेंटिमीटरच्या सुमारास शस्त्रक्रियेचा विचार करतात. फुगा फुटला तर बहुसंख्य रुग्ण दगावतात. त्यांतील कित्येक रुग्णालयापर्यंत पोहोचतही नाहीत.

आपल्या परंपरेला अशा विकाराची चाहूल नव्हती असे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथींचे जे प्रकार दिले आहेत त्यांत सिराज ग्रंथी हा एक आहे. अशक्त माणसाने फार श्रम केल्याने तो होतो, आणि तो मोठा, अचल व मर्मस्थानी असला तर असाध्य समजावा, असा तेथे अभिप्राय आहे. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी हे वर्णन रोहिणीविस्फाराशी जुळविले आहे. कोणत्या रोगाला हात घालू नये हे सांगणे हाही वैद्याच्या ज्ञानाचाच भाग असतो, याची ही जुनी साक्ष होय.

बांध पोखरणारा खेकडा

सामान्यतः विस्फार होतो तो भिंत आतून झिजल्याने. वार्धक्य, उच्च रक्तदाब, धूम्रपान, क्वचित आनुवंशिक दुबळेपणा ही त्याची कारणे. त्यात भिंतीचे तिन्ही थर ताणले जातात. फुगा सहसा वर्षानुवर्षे सावकाश वाढतो.

कर्करोगाने होणारा विस्फार याहून वेगळा असतो. भाताच्या खाचराचा बांध पाण्याच्या दाबाने फुटणे निराळे आणि खेकड्याने बाहेरून बीळ पाडल्याने फुटणे निराळे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. संस्कृतात कर्क म्हणजे खेकडा, आणि ग्रीक वैद्यांनीही या रोगाला खेकड्याचेच नाव दिले होते, हा योगायोग येथे अर्थपूर्ण ठरतो. महारोहिणीला चिकटलेली गाठ तिच्या बाहेरच्या थरात शिरते, पोषण करणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या बंद पाडते आणि लवचीक तंतू विरघळविणारे स्राव सोडते. एके दिवशी भिंतीला छिद्र पडते. रक्त बाहेर येते, पण भोवतालच्या गाठीने व पेशीजालाने ते काही काळ अडवून धरलेले असते. याला खोटा विस्फार म्हणतात, कारण त्याला रोहिणीची स्वतःची भिंत उरलेलीच नसते. खोटा असला तरी तो खऱ्याहून अधिक घातक असतो. तो आठवड्यांत, कधी दिवसांतच वाढतो, आणि त्याच्या आकारावरून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही.

हे कोणत्या कर्करोगांत घडते? छातीत अन्ननलिका ही महारोहिणीची सख्खी शेजारीण आहे. सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या या नळीचा बराच भाग तिला लागूनच जातो. म्हणून अन्ननलिकेचा कर्करोग हा पहिला. दुसरा फुप्फुसाचा, विशेषतः डाव्या बाजूचा. त्याखेरीज छातीच्या मध्यभागातील लसिकाग्रंथींच्या गाठी. पोटात स्वादुपिंडाचा कर्करोग, कण्यापुढील मऊ पेशीजालाचे कर्करोग आणि लसिकाग्रंथींचे कर्करोग. कधी रोगापेक्षा त्यावरील उपायच भिंतीला अपाय करतो. किरणोपचाराने भिंतीचे पोषण खालावते. गाठीला होणारा रक्तपुरवठा रोखणाऱ्या काही नव्या औषधांनी विस्फार होण्याचा वा भिंत चिरण्याचा धोका असतो, असा इशारा औषध नियंत्रकांनी दिलेला आहे. अन्नमार्ग मोकळा राहावा म्हणून अन्ननलिकेत बसविलेली धातूची जाळीदार नळी घासून महारोहिणीपर्यंत भोक पडल्याचीही उदाहरणे आहेत. आणि गाठ औषधाने झपाट्याने विरघळली, तर जिने छिद्र बुजवून धरले होते तीच निघून गेल्याने रक्तस्राव होऊ शकतो.

एक मुळी, दोन फळे

आता तंबाखूकडे वळू. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची स्थापना १९४१ सालची. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव भारतातील कर्करोगसंशोधनाच्या आरंभाशी निगडित आहे. १९५५ साली डॉ. संघवी, डॉ. राव आणि डॉ. खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडात डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली फुप्फुसाच्या कर्करोगाचा धूम्रपानाशी असलेला संबंध मांडला होता. त्याला अवघी पाच वर्षे झाली होती. म्हणजे आपल्या लोकांच्या सवयींचा अभ्यास आपल्याच वैद्यांनी फारसा उशीर न करता केला होता. पुढे १९७९ साली मुंबईतील डॉ. जस्सावाला आणि जैन यांच्या अभ्यासातून विडीचाही फुप्फुसाच्या कर्करोगाशी निकटचा संबंध दिसून आला. विडी म्हणजे पानात गुंडाळलेली साधी तंबाखू, ती सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज तेव्हापासूनच निराधार ठरला आहे.

डॉल आणि हिल यांनी १९५१ साली ब्रिटिश डॉक्टरांचा जो दीर्घ अभ्यास आरंभिला, त्यातून धूम्रपान आणि महारोहिणीचा विस्फार यांचेही नाते उघड झाले. आज आपण जाणतो की पोटातील विस्फाराच्या रुग्णांपैकी फार मोठा हिस्सा धूम्रपान करणाऱ्यांचा वा पूर्वी केलेल्यांचा असतो. धूर भिंतीतील लवचीक तंतूंचा नाश करणाऱ्या द्रव्यांना चेतवितो. तंबाखू चघळण्याचा विस्फाराशी असा ठळक संबंध दाखविता येत नाही. पण तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाशी तो निश्चित आहे. तेव्हा विडी, मिश्री, तपकीर, जर्दा, गुटखा यांच्या वाटा निरनिराळ्या असल्या तरी मुळी एक आहे.

हे निपाणीत बोलताना मनाला जड जाते. या पिकाने येथल्या शेतकऱ्याला रोख पैसा दिला, वखारी उभ्या केल्या, बाजारपेठ घडविली. याच तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखला, आणि एप्रिल महिन्यातील गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. वखारींमध्ये तंबाखूच्या खकाण्यात उभ्या राहून काम करणाऱ्या स्त्रिया त्याच काळात वेतनासाठी संघटित झाल्या. युगांतर या गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपटही काढला. हा इतिहास मानाने सांगण्याजोगा आहे. पिकविणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार वैद्याला नाही. पण जे पिकते त्याचा देहावर होणारा परिणाम सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि ते याच गावात सांगण्याचे टाळले तर त्याने मौन पाळले असे होईल.

शस्त्रवैद्यकाची वाटचाल

विस्फारावर उपाय शोधण्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी पोटातील विस्फार कापून काढला आणि त्या जागी मृत व्यक्तीच्या शरीरातून घेतलेला महारोहिणीचा तुकडा जोडला. पण असे तुकडे मिळणार किती आणि टिकणार किती? पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आर्थर व्हूर्हीस यांनी कापडाची नळी यशस्वीरीत्या वापरल्याचे जाहीर केले. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या नळ्या रूढ केल्या. पहिल्या नळ्या त्यांनी घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या होत्या. बेळगावचे शहापूर, वडगाव आणि खासबाग हे विणकरांचे भाग आपल्याला ठाऊक आहेत. वीण सैल असेल तर रक्त झिरपते, फार घट्ट असेल तर कापड भोवतालच्या पेशीजालाशी एकजीव होत नाही. उभ्याआडव्या धाग्यांचा हा हिशेब कोणत्याही विणकराला सहज समजेल.

परंतु या शस्त्रक्रियेसाठी छाती वा पोट उघडावे लागे, महारोहिणी काही काळ बंद ठेवावी लागे. धडधाकट माणसाला ती झेपे. कर्करोगाने खंगलेल्या माणसाला झेपणे कठीण. शिवाय गाठीने कुरतडलेल्या भिंतीत टाका धरत नाही. कुजक्या कापडाला शिवण घालावी तसे ते होते.

हा पेच एका वेगळ्या कल्पनेने सुटला. खार्किवचे निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ साली आणि ब्यूनोस आयरीसचे हुआन पारोदी यांनी १९९० साली महारोहिणीत आतून नळी बसविली. जांघेतील रोहिणीतून एक बारीक नळी वर सरकवायची; तिच्या टोकाशी मिटलेल्या छत्रीसारखे कापडाचे अस्तर व धातूचा सांगाडा असतो; क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत तो योग्य जागी उघडायचा. रक्त अस्तरातून वाहू लागते आणि बाहेरच्या फुग्यावरचा दाब उतरतो. १९९४ साली स्टॅनफर्डचे मायकेल डेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीतील विस्फारांवर याच रीतीने केलेल्या उपचारांचा वृत्तान्त दिला. या साधनाला स्टेंट-ग्राफ्ट म्हणतात. छाती न उघडता छातीतील भोक बुजविता येऊ लागले, आणि ज्या कर्करोगी रुग्णांसमोर पूर्वी केवळ हात जोडावे लागत, त्यांच्यासाठी काही करता येण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली.

आधी भिंत, मग गाठ, पण त्याआधी एक प्रश्न

एक कल्पित रुग्ण डोळ्यांपुढे आणू. चिकोडीकडचा साठीचा शेतकरी. चाळीस वर्षे विडी आणि तंबाखू. दोन महिने घास अडकतो, वजन उतरले आहे. चार दिवस छातीच्या मध्यभागी, पाठीपर्यंत जाणारे दुखणे आहे. आज सकाळी तोंडातून ओंजळभर ताजे लाल रक्त पडले आणि थांबले. आता त्याला बरे वाटते आहे. घरची मंडळी म्हणतात, उष्णता झाली असेल, उद्या पाहू.

हा ‘उद्या’ अतिशय धोक्याचा आहे. १९१४ साली हान्स कियारी यांनी या स्थितीची खूण नोंदवून ठेवली आहे. छातीतील वेदना, मग एक छोटा रक्तस्राव, मग काही तासांची वा दिवसांची शांतता, आणि मग प्राणघातक रक्तस्राव. पहिल्या रक्तस्रावानंतर रक्त गोठून छिद्र तात्पुरते बुजलेले असते. ही शांतता म्हणजेच उपचाराची संधी होय.

अशा रुग्णाचा रक्तदाब प्रथम काबूत ठेवावा लागतो, रक्ताची सोय करावी लागते आणि शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन काढावा लागतो. गाठ महारोहिणीला कोठे व किती वेढून आहे, छिद्र कोठे आहे, त्याच्या वर व खाली निरोगी भिंत किती उरली आहे हे त्यात दिसते. दोन्ही टोकांना सुमारे दोन सेंटिमीटर निरोगी भिंत असल्याखेरीज अस्तर घट्ट बसत नाही. निदानापूर्वी सुई घालून तुकडा काढण्याची घाई करू नये. छातीच्या क्ष-किरणचित्रात गाठ वाटणारी सावली कधी विस्फाराची असते, आणि तेथे सुई घालणे म्हणजे बांधाला स्वतःच्या हाताने भोक पाडणे.

भिंत आणि गाठ या दोहोंपैकी आधी कोणावर उपाय करावा? जे आज प्राण घेऊ शकते ते आधी, हा नियम. म्हणून प्रथम स्टेंट-ग्राफ्ट. तो यशस्वी झाला तर रक्तस्राव तत्काळ थांबतो. परंतु तो निर्धोक नाही. मज्जारज्जूला रक्त पुरविणाऱ्या शाखा झाकल्या गेल्या तर पाय लुळे पडू शकतात. मेंदूला झटका येऊ शकतो. आणि अन्ननलिकेतून भोक पडले असेल तर तोंडातील जंतू थेट अस्तरापर्यंत पोहोचतात. कापडाला एकदा जंतुसंसर्ग झाला की तो प्रतिजैविकांनी सहसा पुरता जात नाही.

हे सारे पार पडले तरी गाठ जागच्या जागी असते. स्टेंट-ग्राफ्टने कर्करोगाचा एक कणही कमी होत नाही. त्याने मिळतो तो केवळ वेळ, आणि त्या वेळाचे मोल गाठीच्या जातीवर अवलंबून असते. लसिकाग्रंथींचे काही कर्करोग रसायनोपचाराने पूर्ण बरे होतात. तेथे भिंत वाचविणे म्हणजे आयुष्य वाचविणे. काही निवडक रुग्णांत आतून अस्तर बसविल्यानंतर गाठ, महारोहिणीच्या भिंतीचा बाधित भाग धरून, कापून काढता आली आहे. अस्तर आधी बसविल्यामुळे रसायनोपचार वा किरणोपचार कमी भीतीने देता आल्याचीही उदाहरणे आहेत. परंतु अन्ननलिकेच्या पुढे गेलेल्या कर्करोगाने महारोहिणीला भोक पाडले असेल, तर उत्तम उपचारानंतरही बहुधा काही आठवडे किंवा महिनेच हाती लागतात.

म्हणून हत्यार हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे. हा वेळ कशासाठी मिळवायचा? आणि तो प्रश्न रुग्णाला विचारला पाहिजे. आपल्याकडे मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, आप्पांना यातलं काही सांगू नका.’ त्यामागची माया मी जाणतो. परंतु ज्यांनी आयुष्यभर घराचे निर्णय घेतले, त्या आप्पांना आयुष्यातील अखेरच्या निर्णयातून वगळणे ही माया नव्हे. एखाद्याला मुलीचे लग्न पाहायचे असेल, एखाद्याला शेताची वाटणी नीट करून द्यायची असेल; त्यांच्यासाठी तीन महिने अनमोल असतात. एखाद्याला रुग्णालयाच्या खाटेऐवजी स्वतःच्या सोप्यात, आपल्या माणसांत डोळे मिटायचे असतील. दोन्ही निवडी मानाच्या आहेत. ज्याला मोठी शस्त्रक्रिया नको, त्याचे दुखणे व घालमेल शमविणे हाही पूर्ण उपचार आहे. ‘आता काही करण्यासारखे नाही’ हे वाक्य वैद्याने कधीही उच्चारू नये.

या बाबतीत एका थोर पुरुषाचे उदाहरण देतो. त्याचा कर्करोगाशी संबंध नाही, पण निर्णयाशी आहे. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील महारोहिणीला विस्फार झाला होता. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ निसेन यांनी त्यावर सेलोफेनचे वेष्टण गुंडाळले. तेव्हा त्याहून चांगला उपाय नव्हता. त्या बळावर ते सहा वर्षांहून अधिक काळ काम करीत राहिले. १९५५ च्या एप्रिलमध्ये विस्फार फुटला तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया सुचविण्यात आली. तोवर द्युबोस्त यांची शस्त्रक्रिया जगाला ठाऊक झाली होती. आइन्स्टाइन यांनी ती नाकारली. एकदा मिळालेला वेळ त्यांनी घेतला, दुसऱ्यांदा देऊ केलेला नाकारला, आणि दोन्ही वेळा निर्णय त्यांचा होता.

आपल्या भागासाठी चार गोष्टी

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, लक्षणे ओळखण्याची. घास अडकणे, तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, छातीतून पाठीकडे जाणारी सततची वेदना, आणि तोंडातून रक्त पडणे, मग ते चमचाभर का असेना. आवाजाची डावी मज्जा महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेऊन जाते, म्हणून गाठ आणि विस्फार दोन्ही आवाज बसवू शकतात. रक्त थांबले म्हणून धोका टळला असे मानू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

दुसरी, कोठे जावे याची. जवळ असलेल्या रुग्णालयापेक्षा ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि रक्तवाहिन्यांचे शस्त्रवैद्य आहेत ते अशा वेळी अधिक उपयोगाचे. निपाणीकराला एका बाजूला कोल्हापूर आणि दुसऱ्या बाजूला बेळगाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हा भाग एका राज्यात गेला आणि पाहुणेरावळे दुसऱ्या राज्यात राहिले. उपचारासाठी आपली माणसे पूर्वापार दोन्हीकडे जातात. म्हणून कोणत्या राज्याची कोणती आरोग्य योजना आपल्याला लागू होते व तिला कोणती कागदपत्रे लागतात, याची चौकशी धडधाकट असतानाच करून ठेवावी. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसून शिधापत्रिका शोधण्याची पाळी येऊ नये.

तिसरी, तपासणीची. ज्यांनी कधीकाळी धूम्रपान केले आहे अशा ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनी पोटाची एकदा सोनोग्राफी करून घ्यावी, अशी शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २००५ पासून केलेली आहे. तपासणी साधी आहे, वेदनारहित आहे. येथे बसलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांचे वय आता त्या टप्प्यात आहे, एवढे सुचवून थांबतो.

चौथी, तंबाखूची. केंद्र सरकारचा तंबाखू नियंत्रण कायदा २००३ सालचा. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास २००८ च्या गांधी जयंतीपासून बंदी. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ साली आणि कर्नाटकाने २०१३ साली बंदी घातली. कायदा आपल्या जागी योग्य आहे. परंतु पहिली पुडी मुलगा कोणाच्या हातून घेतो, हे कायद्यापेक्षा शाळेला अधिक लवकर कळते. विडी सोडल्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वर्षागणिक उतरत जातो आणि असलेल्या विस्फाराच्या वाढीचा वेगही मंदावतो, म्हणून पन्नाशीत वा साठीत सोडणेही व्यर्थ नाही. आणि जो शेतकरी तंबाखू सोडून ऊस, सोयाबीन किंवा आणखी काही लावू पाहतो, त्याला भाव आणि पाणी यांची हमी मिळवून देणे हे आरोग्याचेच काम आहे. ते वैद्यांच्या हातचे नाही. ते शासनाचे व समाजाचे आहे.

बंधुभगिनींनो, एका शस्त्रवैद्याला अवघड रोगाचे आकर्षण असते हे मी नाकारीत नाही. जांघेतून नळी सरकवून छातीतील रक्तस्राव थांबतो तेव्हा होणारा आनंद मोठा आहे. परंतु हे साधन ज्याला लागते तो रुग्ण बहुधा फार उशिरा आलेला असतो, आणि त्या साधनाने मिळणारे महिने, त्याने तिशीत विडी सोडली असती तर मिळाली असती त्या वर्षांची बरोबरी करू शकत नाहीत. ती वर्षे वाटण्याचे काम रुग्णालयापेक्षा वर्गात अधिक होते. या शाळेतील शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांपैकी प्रतिवर्षी दहाजणांना जरी तंबाखूपासून दूर ठेवले, तरी त्यांच्या हातून माझ्या साऱ्या कारकिर्दीपेक्षा अधिक आयुष्य वाचेल. ज्या गुरुजनांचे स्मरण आपण आज करीत आहोत, त्यांच्या व्यवसायाचा हा मान मी मनःपूर्वक मान्य करतो.